हर्ब्जच्या कुंड्यांचं जंगल झालंय, आवरायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गॅलरीत आणि बाहेरच्या छोट्या वाफ्यात मिळून बऱ्याच हर्ब्ज लावल्या. आता पुदिना सगळीकडे पसरलाय, बेसिलला तुरे आलेत, रोझमेरी खालून उघडी पडलीय, कोथिंबीर धड पान देण्याआधीच फुलावर जाते आणि दोन-तीन कुंड्यांत काय लावलं होतं तेच आठवत नाही. आवरायला कुठून सुरुवात करू? आणि ही बाग नुसती निगा मागते, तिचा आनंद घ्यायचा कसा?

सुरुवात कात्रीने करा. खुरपं नंतर. हर्ब्जच्या बागेत पसारा माजतो तो बहुतेक वेळा पाला वेळच्या वेळी तोडला गेला नाही म्हणून. भाजीचा वाफा पीक निघालं की आपोआप मोकळा होतो, इथे तसं होत नाही. बरीचशी झाडं त्याच जागी राहतात आणि सतत खुडत राहिलं तरच आटोपशीर वाढतात. तेव्हा तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. ही बाग वापरली की आवरली जाते. रोज मूठभर पाला तोडणाऱ्या माणसाला वेगळी छाटणी फारशी करावीच लागत नाही.

मात्र कात्री सगळ्यांवर सारखी चालवू नका. पुदिना जमिनीलगत कापला तरी काही दिवसांत पुन्हा वर येतो. रोझमेरी तशीच कापली तर ती गेलीच म्हणून समजा. हात लावण्याआधी मनातल्या मनात झाडांचे तीन गट पाडा: कोवळ्या देठाची, हंगामापुरती (बेसिल, कोथिंबीर, शेपू), पसरणारी किंवा बेट धरणारी (पुदिना, ओरेगॅनो, चाइव्हज, गवती चहा), आणि लाकूड धरणारी (रोझमेरी, थाइम, सेज, लॅव्हेंडर, कढीपत्ता). पार्सली मधली आहे. ती दोन वर्षांचं झाड, पहिल्या वर्षी पान, दुसऱ्या वर्षी फुलोरा आणि मग संपते. दुसऱ्या वर्षीची पार्सली वाचवायच्या भानगडीत पडू नका, नवं बी टाका. ते उगवायला तीन-चार आठवडेही घेतं, म्हणून कुंडी रिकामी दिसली तरी माती उकरू नका.

पहिल्या दिवशी फक्त एक फेरी मारा. हातात बादली घ्या आणि पिवळी, वाळलेली, मातीवर पडून कुजणारी पानं उचला. त्याच फेरीत पानं उलटून मागची बाजू बघा. पुदिन्याच्या पानामागे नारिंगी पुटकुळ्या दिसल्या तर तो तांबेरा, बेसिलच्या पानामागे करड्या-जांभळट रंगाची बुरशी दिसली तर तो केवडा नावाचा रोग. असा पाला कंपोस्टमध्ये टाकू नका, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. एवढ्या एका फेरीनेच निम्मी बाग आवरल्यासारखी दिसते आणि खरी छाटणी कुठे लागणार आहे तेही कळतं.

आता बेसिल. तुरे आलेत म्हणून उपटू नका. देठ जवळून पाहा. पानं समोरासमोर जोडीने येतात, पुढची जोडी आधीच्या जोडीला काटकोनात. प्रत्येक पानाच्या बगलेत, देठाला चिकटून, तांदळाच्या कणीएवढी दोन पानं मिटून बसलेली असतात. तो झोपलेला डोळा. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन नावाचं संप्रेरक खाली उतरत असतं आणि त्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा खुडला की दाब सुटतो आणि एका देठाचे दोन होतात. म्हणून एकेक मोठं पान ओरबाडण्याऐवजी पानांच्या जोडीच्या जरा वर देठच कापायचा. तुऱ्यांसकट वरचा भाग काढा, खाली पानांच्या दोन-तीन जोड्या शिल्लक ठेवा. देठ खालून तपकिरी, लाकडासारखा झाला असेल तर ते झाड फार दिवस टिकणार नाही. त्याचे कोवळे शेंडे पाण्याच्या पेल्यात ठेवा, आठवडा-दोन आठवड्यांत मुळं फुटतात, आणि नवी कुंडी फुकट तयार होते. सुपरमार्केटमधून आणलेली बेसिलची कुंडी लगेच माना टाकते त्याचं कारण वेगळं असतं. त्या एवढ्याशा कुंडीत दाटीने अनेक रोपं उगवलेली असतात. ती भिजवून हलक्या हाताने तीन-चार पुंजक्यांत वेगळी केली तर जगतात.

कोथिंबिरीचं दुखणं छाटणीने बरं होणार नाही. ऊन तापलं, दिवस मोठा झाला की ती फुलावर जाणारच, आणि एकदा दांडा वर चढला की परत पान देत नाही. दांडा कापलात तर बारीक झालरीसारखी पानं मिळतील, चव मात्र उतरलेली. उपाय पेरणीत आहे. थोडं थोडं बी दर दोन-तीन आठवड्यांनी टाकायचं, कडक उन्हाच्या दिवसांत कुंडी दुपारच्या सावलीत ठेवायची, आणि रोप उचलून दुसरीकडे लावायचं नाही, कारण तिचं सोटमूळ हलवलेलं तिला सोसत नाही. धण्याचा एक दाणा म्हणजे खरं तर दोन बियांची जोडगोळी. पेरण्याआधी हलकेच रगडून त्याचे दोन भाग केले तर उगवण चांगली होते.

आणि जी फुलावर गेलीय तिला राहू द्या. त्या पांढऱ्या छत्र्यांवर सिरफिड माश्या येतात. दिसतात मधमाशीसारख्या, एकाच जागी हवेत तरंगतात. त्यांच्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा ही रस शोषणारी कीड खातात, म्हणजे शेजारच्या कुंड्यांचं काम परस्पर होतं. शिवाय हिरवे धणे हा या बागेतला माझा सगळ्यात आवडता जिन्नस आहे. पानाची हिरवी चव आणि वाळल्या धण्याचा लिंबासारखा वास दोन्ही एकत्र, आणि बाजारात सहसा न मिळणारे. कोवळे असतानाच खुडायचे, नंतर दोऱ्यासारखे लागतात.

पुदिन्याशी मात्र दयामाया नको. तो मातीखालून आणि मातीवरून आडवे धुमारे सोडत पसरतो, आणि त्या धुमाऱ्याचा तुकडाही नवं झाड होतो. वाफ्यातून काढायचा असेल तर माती सैल करून धुमारे हाताने ओढून काढा, कुदळीने तोडलेत तर एकाचे दहा कराल. आणि ते ओलेच कंपोस्टमध्ये टाकू नका. आधी उन्हात खडखडीत वाळवा. ठेवायचा असेल तर स्वतंत्र कुंडीत ठेवा, शेजार कुणाचाच नको. दोन जातींचे पुदिनेही वेगळे ठेवा, नाहीतर जोरदार जात दुसरीला गिळते आणि तुम्हाला वाटतं पुदिन्याचा वासच बदलला. कुंडीतला पुदिना मधोमध विरळ आणि कडेने दाट झाला असेल तर मुळं कुंडीच्या भिंतीला गोल फिरलीत असं समजा. गोळा बाहेर काढा, सुरीने चार भाग करा, कडेचा कोवळ्या मुळांचा एकच भाग ताज्या मातीत लावा आणि वर दोन-तीन सेंटिमीटर ठेवून सगळा पाला कापा. उरलेले तीन भाग वाटून टाका. हे साधारण वर्षाकाठी एकदा करावं लागतं.

चाइव्हज आणि ओरेगॅनोही असेच जमिनीलगत कापून घेतलेले चालतात. गवती चहाची बाहेरची वाळकी पाती काढून बेट वीतभर उंचीवर कापा, फार मोठं झालं असेल तर फोडा. पूर्ण बाह्या आणि हातमोजे घाला. त्याच्या पात्याची कड हात कापते.

रोझमेरीपाशी थांबा. तुम्ही लिहिलंय ती खालून उघडी पडलीय. एक फांदी हातात घेऊन टोकापासून बुंध्याकडे बोट फिरवा. आधी मऊ हिरवा देठ, मग पानं असलेला पण कडक होत चाललेला भाग, आणि मग भेगाळलेल्या सालीचं उघडं तपकिरी लाकूड. त्या उघड्या लाकडातून नवी फूट बहुधा येत नाही. म्हणून कापायचं ते नेहमी हिरवी पानं असलेल्या भागात, आणि एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. लॅव्हेंडरलाही हाच नियम. फुलं संपली की दांड्यांसकट थोडा हिरवा पाला कापायचा, लाकडाला हात लावायचा नाही. थाइमची फुलं गेल्यावर सगळीकडून हलकी छाटणी पुरते.

खालून उघडी पडलेली रोझमेरी पुन्हा भरगच्च होत नाही. त्यात जीव अडकवू नका. तिच्या वरच्या भागातून आठ-दहा सेंटिमीटरचे, कोवळे पण लुसलुशीत नसलेले शेंडे काढा, खालच्या अर्ध्या भागातली पानं ओढून टाका आणि भरपूर वाळू मिसळलेल्या मातीत खोचा. मुळं धरायला महिना-दोन महिने लागतात. पाच लावाल तर तीन जगतील असं गृहीत धरा. नवं रोप तयार झालं की जुन्याला निरोप द्या, किंवा दिसायला आवडत असेल तर वाकड्या खोडाचं शोभेचं झाड म्हणून ठेवा. थाइम आणि सेजही तीन-चार वर्षांनी असेच मधून पोकळ होतात, तेव्हा त्यांचे कलम आधीच करून ठेवलेले बरे. रोझमेरीचं शास्त्रीय नाव आता साल्व्हिया रोझमेरिनस आहे. 2017 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला सेजच्याच प्रजातीत नेऊन बसवलं. त्यामुळे दोघींच्या सवयी जुळतात याचं आश्चर्य वाटायला नको.

लाकूड धरणाऱ्यांत कढीपत्ता हा अपवाद. त्याला जोरात छाटलं तरी जुन्या खोडातून फुटतो, उलट छाटला नाही तर उंच सडसडीत काठी होते आणि पानं हाताला येत नाहीत. सुटी पानं खुडण्यापेक्षा काडीसकट पूर्ण डहाळी तोडा, फुलांचे घोस दिसताच काढा. त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळा-पांढरा ठिपका दिसला तर नीट बघा, तो बहुधा लिंबावरच्या फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचलं तर डोक्यामागून दोन शिंगं काढून उग्र वास सोडते. झाड मोठं असेल तर दोन-तीन अळ्यांनी काही बिघडत नाही. लहान रोप असेल तर त्या उचलून दुसऱ्या मोठ्या कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या झाडावर सोडा.

कुंडी आणि मातीबद्दल थोडंच सांगतो, कारण बहुतेक हर्ब्ज उपासमारीने मरत नाहीत, अतिपाण्याने आणि अतिलाडाने मरतात. बोट दोन सेंटिमीटर मातीत खुपसा. रोझमेरी, थाइम, सेजच्या कुंडीत तिथे कोरडं लागलं तरच पाणी. पुदिना आणि पार्सलीला माती ओलसर हवी. हे दोन स्वभाव एका कुंडीत लावले की एक जण मरतोच. दुकानात मिळणाऱ्या सुंदर मिश्र टोपल्या म्हणूनच लवकर उजाड होतात. तळाशी खडीचा थर घालायची पद्धत सोडून द्या. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही. माती तुडुंब भिजेपर्यंत ते वरच अडतं, आणि ओल मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. खत बेताने घाला. नत्र भरपूर मिळालं की पानं मोठी, गडद आणि बेचव होतात. ऊन मात्र हवं. बेसिल, रोझमेरी, थाइमला दिवसाला सहा तास, पुदिना-पार्सली-चाइव्हजचं तीन-चार तासांत भागतं. माव्याला रसायन मारू नका, आपण पान खाणार आहोत. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने शेंडे धुवा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा धुवा. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

आता आनंदाचा भाग. माझ्या मते तो जागेपासून सुरू होतो. रोज लागणाऱ्या कुंड्या स्वयंपाकघराच्या दारापासून हात पोचेल इतक्या जवळ आणा. लांबच्या कोपऱ्यातली सुंदर कुंडी माणूस फक्त पाणी घालायला जातो. रोझमेरी किंवा लॅव्हेंडर येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवा, कपडा घासला तरी वास दरवळतो. पुदिना, बेसिल, थाइम यांच्या पानावर अतिसूक्ष्म तेलग्रंथी असतात. भिंगातून पाहिलंत तर चकाकणारे ठिपके दिसतात. पान चुरगळलं की त्या फुटतात, वास येतो तो त्यांचा. तोडणी शक्यतो सकाळी करा, दव वाळल्यानंतर आणि ऊन चढण्याआधी. साठवणीसाठी तोडत असाल तर कळ्या धरल्यात पण उमलल्या नाहीत ती वेळ गाठा, तेव्हा वास सगळ्यात भरलेला असतो.

चहासाठी ताजी पानं हाताने फाडा, उकळी खाली बसलेलं पाणी ओता आणि पाच-सात मिनिटं झाकण ठेवा. झाकण महत्त्वाचं, कारण ज्या वासासाठी हा उद्योग करतोय तोच वाफेबरोबर उडून जातो. पुदिना आणि गवती चहा एकत्र छान लागतात. सेजचं एखादं पान पुरे, जास्त झालं की कडू. रांधताना कडक पानाच्या हर्ब्ज सुरुवातीला घाला, मऊ पानाच्या गॅस बंद केल्यावर. बेसिलचा पाला फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने काळा पडतो. देठ पाण्यात बुडवून ओट्यावर ठेवला की बरेच दिवस टिकतो आणि गुच्छासारखा दिसतोही. कोथिंबीर-पार्सली मात्र पाण्याच्या पेल्यात, वर सैल पिशवी घालून, फ्रिजमध्येच.

पहिल्या मोठ्या छाटणीत एकदम ढीगभर पाला निघेल. त्यातला रोझमेरी, थाइम, ओरेगॅनो, पुदिना वाळवा. लहान जुड्या बांधून सावलीत, हवेशीर जागी उलट्या टांगा. उन्हात वाळवलं तर रंगही जातो आणि वासही. पान चुरचुरीत तुटलं की बरणीत भरा आणि पहिला आठवडा बरणी रोज बघा. आतल्या काचेवर ओल धरलेली दिसली तर पाला बाहेर काढून पुन्हा वाळवायचा, नाहीतर बुरशी येते. बेसिल, कोथिंबीर, चाइव्हज वाळवून काही उरत नाही. ते बारीक चिरून, थोडं पाणी किंवा तेल घालून बर्फाच्या साच्यात गोठवा. एक गोष्ट मात्र आवर्जून टाळा: ताजा पाला किंवा लसूण तेलात बुडवून बाटली ओट्यावर ठेवणं. हवाबंद तेलाखाली बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि त्याला ना वास येतो ना चव बदलते. असं तेल फ्रिजमध्येच ठेवा आणि चार दिवसांत संपवा. टिकवायचंच असेल तर व्हिनेगरमध्ये घाला, त्यातल्या आम्लामुळे तो धोका राहत नाही.

थोड्या फुलांना मात्र सूट द्या. सगळ्या बेसिलचे तुरे काढलेत तरी एक कुंडी मधमाश्यांसाठी फुलू द्या. थाइम आणि ओरेगॅनो फुलले की सकाळी तिथे जी गजबज असते ती बघायला खुर्ची टाकून बसण्यासारखी असते. चाइव्हजची जांभळी फुलं सुटी करून खाता येतात, कांद्यासारखी पण सौम्य.

कुंड्या कमी करायलाही कचरू नका. ज्या झाडाचं पान गेल्या हंगामात एकदाही तोडलं नाही ते तुम्हाला लागत नाही. शेजारी कुणाला देऊन टाका. रोज हात जाणाऱ्या पाच कुंड्या मी नुसतं पाणी मागणाऱ्या वीस कुंड्यांपेक्षा कधीही पसंत करीन.

राहिल्या त्या अनोळखी कुंड्या. पान चुरगळून वास घ्या, देठ बोटांत फिरवून बघा. चौकोनी देठ आणि समोरासमोर पानं असतील तर ते बहुधा पुदिना-तुळशीच्या कुळातलं आहे, थोडं वाढू दिलं की ओळख पटेल. पान झालरीसारखं, गाजराच्या पाल्यासारखं असेल आणि तुम्ही लावल्याचं आठवत नसेल, तर चाखून बघू नका. कोथिंबीर-पार्सलीच्या कुळातच हेमलॉकसारखी जीवघेणी झाडं आहेत आणि कोवळेपणी ती फसवतात. अशी कुंडी सरळ रिकामी करा. नव्याने लावाल त्यांवर पट्टी खोचा आणि नाव पेन्सिलने लिहा. मार्करची शाई उन्हात उडते, पेन्सिल टिकते. नावाखाली लावल्याचा महिना आणि वर्षही टाका, म्हणजे थाइमला तीन वर्षं झाली की कलम करायची वेळ आलीय हे पट्टीच सांगेल.